नळीवाटे खोकल्याचे औषध : आधी खूण, मग पाणी, मग औषध

अहवालाच्या आधीच्या पानांवर वर्षभरातील रुग्णसेवेचा व जमाखर्चाचा तपशील दिलेला आहे. त्यानंतरची काही पाने आरोग्यशिक्षणासाठी राखून ठेवण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा या पानांसाठी निवडलेला विषय वरकरणी अगदी लहान वाटेल. ज्या रुग्णाला नाकातील अथवा पोटावरील नळीतून अन्न दिले जाते, त्याला खोकला झाला तर औषध कसे द्यावे, हा तो विषय होय. पक्षाघात, मेंदूला इजा, घशाचा कर्करोग, दीर्घकाळचे अंथरूण अशा अनेक कारणांनी नळीसह घरी गेलेल्या रुग्णांचे नातेवाईक आमच्या परिचारिकांना जे प्रश्न विचारतात, त्यांत हा प्रश्न वारंवार येतो. घरात खोकल्याची बाटली असतेच, नळीही समोर असते, तेव्हा बाटलीतले औषध नळीत ओतणे ही एका मिनिटाची गोष्ट आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या एका मिनिटात घाई झाल्यास नळी तुंबू शकते, औषध वाया जाऊ शकते आणि क्वचित रुग्णाच्या जिवावरही बेतू शकते.

आम्ही वैद्यक नव्हे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आमचे काम व्यवस्थापनाचे. म्हणूनच पुढील मजकूर आम्ही आमचे वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व औषधनिर्माते यांच्याकडून समजून घेऊन, सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत मांडण्याचा प्रयत्न केला आहे. औषध कोणते व किती द्यावे, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे. दिलेले औषध सुरक्षितपणे पोटात कसे पोहोचवावे, एवढीच या लेखाची मर्यादा आहे.

नळीची ओळख

वॉर्डात जिला सर्रास राईल्स ट्यूब म्हणतात, ती नाकावाटे अन्ननलिकेतून जठरात उतरविलेली नळी. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉ. जॉन आल्फ्रेड राईल यांनी १९२१ च्या सुमारास जठरातील आम्लाची तपासणी करण्यासाठी अशी नळी वापरात आणली आणि त्यांचेच नाव तिला चिकटले. नळी दीर्घकाळ लागणार असेल तर पोटाच्या त्वचेतून थेट जठरात नळी बसवितात, तिला पेग म्हणतात. ही पद्धत १९७९ पासून रूढ झाली. काही रुग्णांमध्ये नळीचे टोक जठराच्या पुढे, लहान आतड्यात ठेवलेले असते. आपल्या रुग्णाची नळी यांपैकी कोणती आहे, हे नातेवाइकांना ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण औषध देण्याच्या पद्धतीत त्यामुळे फरक पडतो.

नळीच्या पाकिटावर तिचा क्रमांक छापलेला असतो. या क्रमांकाला तिनाने भागले असता नळीची बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. म्हणजे १६ क्रमांकाची नळी बाहेरून सुमारे ५.३ मि.मी. जाड, तर ८ क्रमांकाची केवळ २.७ मि.मी. आतील पोकळी त्याहूनही कमी. एवढ्या अरुंद वाटेतून दाट पाक अथवा गोळीचा चुरा न्यावयाचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील बहुतेक नियमांचे कारण आपोआप उलगडते.

खोकला हा आधी निरोप समजावा

नळी असलेल्या रुग्णाला खोकला आला, की प्रथम बाटलीकडे नव्हे, तर नळीकडे पाहावे. खोकला हा शरीराचा पहारेकरी आहे. अन्न, लाळ अथवा उलटी श्वासमार्गाकडे वळली तर तोच तिला परतवून लावतो. नळी वर सरकून तिचे टोक अन्ननलिकेत अथवा घशात आले, अन्न देताना रुग्ण आडवा राहिला, किंवा अन्न फार वेगाने गेले, तरी खोकला येतो. अशा वेळी त्याच नळीतून औषध सोडणे म्हणजे औषधच फुप्फुसाकडे पाठविण्याचा धोका पत्करणे होय.

याचे एक उदाहरण आमच्या परिचारिका नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतात. पक्षाघातानंतर नळीसह घरी गेलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या सूनबाईंनी एका सायंकाळी वॉर्डात दूरध्वनी केला. “सिस्टर, मामंजींना दुपारच्या फीडपासून सारखा खोकला येतोय. घरात कफ सिरप आहे, दोन चमचे नळीतून देऊ का?” कामावरील परिचारिकेने औषधाविषयी काही सांगण्याआधी एकच गोष्ट विचारली, “ताई, नाकाजवळ नळीवर पेनाने केलेली खूण जागेवर आहे का?” खूण चार बोटे बाहेर आली होती. काहीही न देता रुग्णास आणण्यास सांगण्यात आले. क्ष-किरण चित्रात नळीचे टोक अन्ननलिकेत असल्याचे दिसले. नळी पुन्हा बसविल्यावर खोकला थांबला. औषधाची गरजच पडली नाही.

नळी प्रथम बसविल्यावर तिच्या जागेची खातरजमा क्ष-किरण चित्राने करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग मानला जातो. त्यानंतर दरवेळी नाकाजवळची खूण, चिकटपट्टी आणि तोंडात नळीचे वेटोळे तर झाले नाही ना, हे पाहावे. नळीतून सिरिंजने थोडा द्रव ओढून आम्लता मोजणाऱ्या कागदावर तपासल्यास ५.५ किंवा त्याहून कमी अंक येणे हे टोक जठरात असल्याचे लक्षण होय. मात्र आम्ल कमी करणारी औषधे चालू असतील तर हा अंक वाढू शकतो. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवेचा आवाज ऐकणे अथवा नळीचे टोक पाण्याच्या वाटीत धरून बुडबुडे पाहणे या जुन्या रीती अजूनही आढळतात. त्यांवर विसंबू नये. नळी फुप्फुसात असतानाही पोटावर आवाज ऐकू येऊ शकतो.

दुसरी गोष्ट खोकला दाबणाऱ्या औषधांची. कोडीन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांसारखी औषधे खोकल्याची उबळच कमी करतात. ज्याला गिळता येत नाही आणि ज्याचा कफ छातीत साठतो, अशा रुग्णाचा पहारेकरी झोपविणे हिताचे नसते. कोडीनने श्वास मंदावू शकतो व बद्धकोष्ठही होतो. झोप आणणाऱ्या सर्दीच्या औषधांनी कफ अधिक घट्ट होतो. क्षयरोगाच्या काही रुग्णांना दिले जाणारे लिनेझोलिड चालू असताना डेक्स्ट्रोमेथॉर्फन देणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून शेजाऱ्यांना गुण आला, हे कारण येथे पुरेसे नाही. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवूनच खोकल्याचे औषध ठरवावे. तसेच दोन आठवडे वा अधिक काळ टिकलेला खोकला असेल, तर बाटल्या बदलत न बसता क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. शासकीय केंद्रांत ती विनामूल्य होते.

औषधाचे रूप

पातळ औषध नळीसाठी सोयीचे, हे खरे. परंतु प्रत्येक पातळ औषध निर्धोक असतेच असे नाही. सिरपचा मूळ पाक फार दाट असतो. भारतीय औषधकोशातील साध्या सिरपमध्ये वजनाने सुमारे दोन तृतीयांश साखर असते. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत ही साखर हिशेबात धरावी लागते. साखरविरहित म्हणून जी सिरपे मिळतात त्यांत अनेकदा सॉर्बिटॉल असते. दिवसभरात अशी दोन-तीन औषधे गेली, की काही रुग्णांना जुलाब होतात आणि दोष मात्र अन्नाला दिला जातो. नळीचे टोक आतड्यात असेल तर जठरात होणारे सौम्यीकरण टळते व हा त्रास अधिक संभवतो.

याखेरीज खोकल्याची बरीच सिरपे आम्लधर्मी असतात. दुधात लिंबू पिळल्यावर जे होते, तेच अशा सिरपचा दुधाशी अथवा प्रथिनयुक्त फीडशी संयोग झाल्यावर नळीत होऊ शकते. दूध फाटते, गुठळी होते आणि नळी तुंबते. म्हणून औषध फीडमध्ये मिसळून देण्याची सोपी वाटणारी पद्धत पूर्णतः वर्ज्य समजावी. शिवाय फीड मध्येच बंद करावे लागले, तर किती औषध पोटात गेले हेही कळत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत एक नियम ध्यानात ठेवावा. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर अथवा रिटार्ड अशी अक्षरे असतील तर ती गोळी कुटू नये. अशा गोळीतील औषध बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू उतरावे अशी तिची रचना असते. कुटल्याने ते सर्व एकाच वेळी शरीरात जाते. दमा व खोकला असलेल्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या थिओफिलिनसारख्या औषधात गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर कमी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमाचे गांभीर्य कळेल. कॅप्सूलमधील बारीक मणीही फोडू नयेत. अशा वेळी औषधनिर्मात्याकडे त्याच औषधाच्या पातळ रूपाची चौकशी करावी. वाफाऱ्याच्या यंत्राने देता येणारे औषध नळीच्या वाटेला जातच नाही, हाही पर्याय डॉक्टरांना विचारता येतो.

घरगुती उपायांविषयीही लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे खोकला म्हटला की अडुळसा आठवतोच. अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्झिन व पुढे अँब्रोक्सॉल ही आजची कफ पातळ करणारी औषधे आली, हे अनेकांना ठाऊक नसते. परंतु काढा तोंडाने पिणे वेगळे आणि नळीतून देणे वेगळे. काढ्यातील पाल्याचा चोथा, आल्याचे तंतू, हळदीचा गाळ आणि मधात कालवलेले सितोपलादि चूर्ण पाण्यात विरघळत नाही. ते नळीच्या छिद्रांशी साचते. चाटण हे चाटण्यासाठीच आहे, नळीसाठी नव्हे. आयुर्वेदिक औषध चालू ठेवावयाचे असल्यास वैद्यांना नळी असल्याचे सांगून, गाळलेल्या पातळ रूपात ते देता येईल काय, हे विचारावे.

देण्याची पद्धत

प्रौढ रुग्णासाठी आमच्या वॉर्डात पाळला जाणारा क्रम पुढीलप्रमाणे आहे. डॉक्टरांनी वेगळी सूचना दिली असल्यास तीच पाळावी.

१. हात साबणाने धुवावेत. रुग्णाचे डोके व छाती ३० ते ४५ अंशांपर्यंत उंच करावी. पाठीशी दोन-तीन उशा नीट रचल्या तरी हे साधते.

२. नळीची जागा वर सांगितल्याप्रमाणे पाहावी. शंका असल्यास काहीही देऊ नये.

३. फीड थांबवावे आणि ३० मि.लि. स्वच्छ पिण्याचे पाणी नळीतून सोडावे.

४. औषध स्वयंपाकघरातील चमच्याने न मोजता मापाच्या टोपणाने अथवा सिरिंजने मोजावे. बाटली आधी हलवावी. १० मि.लि. दाट सिरप असल्यास त्यात साधारण २० मि.लि. पाणी मिसळून ते पातळ करावे.

५. ५० अथवा ६० मि.लि. ची सिरिंज घ्यावी. तिचा दट्ट्या काढून ती फनेलप्रमाणे धरावी व औषध आपल्या वजनाने उतरू द्यावे. लहान सिरिंजने जोर लावल्यास नळीत फार दाब निर्माण होतो व नळी फाटू शकते.

६. औषधे एकाहून अधिक असल्यास ती एकत्र करू नयेत. एक औषध, मग १५ मि.लि. पाणी, मग दुसरे औषध, असा क्रम ठेवावा.

७. शेवटी ३० मि.लि. पाणी सोडून नळी धुवावी. मगच फीड सुरू करावे.

८. रुग्णास त्यानंतर किमान अर्धा ते एक तास उंचावरच ठेवावे.

रुग्णालयात आणखी एक दक्षता घेतली जाते. एकाच खाटेवर सलाइनची नळी व अन्नाची नळी दोन्ही असतात. पोटात जावयाचे औषध चुकून शिरेत गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून पोटातील औषधाची सिरिंज वेगळी ठेवणे, तिच्यावर ठळक चिठ्ठी लावणे आणि जोडण्यापूर्वी नळी तिच्या उगमापर्यंत बोटाने तपासणे, हे नियम पाळले जातात. सलाइनच्या नळीला बसूच शकत नाहीत अशा वेगळ्या जोडणीच्या सिरिंजाही आता उपलब्ध आहेत.

पाण्याचा जमाखर्च

आमच्या व्यवसायामुळे आम्हाला बेरजा मांडण्याची सवय आहे, आणि येथे ती उपयोगी पडते. समजा, रुग्णाला दिवसातून तीन वेळा प्रत्येकी तीन औषधे द्यावयाची आहेत. एका वेळेस आधी ३०, मध्ये दोनदा १५ आणि शेवटी ३०, म्हणजे ९० मि.लि. पाणी धुण्यासाठी गेले. तीन औषधे पातळ करण्यासाठी प्रत्येकी २० प्रमाणे ६० मि.लि. लागले. एका वेळेचे १५० आणि दिवसाचे ४५० मि.लि. झाले. औषध त्याव्यतिरिक्त. निरोगी माणसाला हे पाणी जाणवणारही नाही. परंतु हृदयविकार अथवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्याचे दिवसाचे पाणी एक लिटरवर मर्यादित केले आहे, त्याच्या वाट्याचे जवळजवळ निम्मे पाणी यातच संपते. अशा रुग्णासाठी पाणी किती कमी करावयाचे, कोणती औषधे खरोखर हवीत, हे डॉक्टरांना विचारावे. पाणी वाचविण्यासाठी धुणेच वगळणे हा उपाय नव्हे. उलट ज्या रुग्णावर पाण्याची मर्यादा नाही, त्याचा कफ पातळ राहण्यास पुरेसे पाणी औषधाइतकीच मदत करते.

नळी तुंबल्यास

नळी तुंबली तर जोर करू नये. कोमट पाणी सिरिंजने हळुवार आत-बाहेर करावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे व पुन्हा प्रयत्न करावा. तार, सुई अथवा काडी नळीत घालणे अत्यंत धोक्याचे आहे. शीतपेय घालण्याचा सल्लाही काही जण देतात. ते आम्लधर्मी असल्याने अडकलेले दूध अधिकच घट्ट होऊ शकते. दोन प्रयत्नांत मोकळी न झाल्यास रुग्णालयात यावे. नवी नळी घालताना रुग्णाला जे सोसावे लागते, ते तीस मि.लि. पाण्याने बहुतांशी टळू शकते.

बालकांच्या बाबतीत

वरील सर्व मापे प्रौढांची आहेत. बालकांसाठी पाणी फारच थोडे, काही मिलिलिटर एवढेच लागते आणि ते वजनानुसार डॉक्टरच सांगतात. खोकल्या-सर्दीची औषधे दोन वर्षांखालील बालकांना देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील बालकांना सर्वसाधारणपणे ती देण्याची शिफारस नाही, असे केंद्र शासनाच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळविले आहे. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला होता. एक वर्षाखालील बालकाला मधही देऊ नये. नळी असलेले बालक स्वतः थुंकून औषध नाकारू शकत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत हे इशारे अधिकच काटेकोरपणे पाळावेत.

बाटलीची खरेदी

पातळ औषधाचा पाक ज्या द्रव्यांपासून बनतो, त्यांत भेसळ झाल्यास काय घडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात याच विषाने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांपैकी अनेकांवर नागपुरातील रुग्णालयांत उपचार झाले होते. औषध तोंडाने घ्या वा नळीने, मूत्रपिंडावर होणारा आघात सारखाच. म्हणून औषध परवानाधारक दुकानातूनच, पावती घेऊन खरेदी करावे. बाटली संपेपर्यंत तिचे खोके, त्यावरील बॅच क्रमांक व मुदत जपून ठेवावी. शासनाने एखादी बॅच परत मागविली, तर आपल्या घरातील बाटली तीच आहे की नाही, हे त्या क्रमांकावरूनच कळते. औषध सुरू केल्यावर लघवी कमी झाली, उलट्या झाल्या अथवा रुग्ण सुस्तावला, तर बाटलीसह तत्काळ डॉक्टरांकडे यावे.

शेवटी एवढेच

फीड देताना अथवा दिल्यानंतर लगेच सुरू झालेला खोकला, धाप, ओठ निळसर होणे, ताप, छातीत घरघर अथवा नळीची खूण सरकणे, यांपैकी काहीही आढळल्यास फीड व औषध दोन्ही थांबवून रुग्णालयाशी संपर्क साधावा. अशा दूरध्वनीला आमच्या परिचारिका कोणत्याही वेळी उत्तर देतात व “एवढ्यासाठी फोन केला” असे कोणासही ऐकावे लागत नाही.

नळी असलेल्या रुग्णाला चव कळत नाही, नको म्हणता येत नाही आणि पुष्कळदा बोलताही येत नाही. त्याच्या वतीने विचार करण्याचे काम त्याच्या घरच्या माणसांनी व आम्ही मिळून करावयाचे आहे. ज्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी हे पान कापून खाटेजवळ लावावे. ज्या घरी नाही, त्यांनी ते गरजूंपर्यंत पोहोचवावे, ही आमची नम्र विनंती आहे. देणगीदार व हितचिंतकांच्या साहाय्याने जी सेवा रुग्णालयात दिली जाते, ती रुग्ण घरी गेल्यावरही तुटू नये, हाच या लेखनामागील हेतू आहे.